मडक्यातला दुसरा चिंचोका

फिलूमावशी कोणत्याही गोष्टीला चटकन हो म्हणाली, असं मला आठवत नाही. पाऊस येणार असं सगळी आळी म्हणत असली की ही बाई अंगणात केळी वाळत घालणार. कडक ऊन पडणार म्हटलं की ताडपत्री काढून ठेवणार. दहापैकी पाच वेळा तिचं खरं व्हायचं आणि पाच वेळा केळी भिजायची, म्हणजे तिला हवेतलं काही विशेष कळत होतं अशातला भाग नाही. भिजलेली केळी ती उचलत असली की माझी आई कुंपणावरून विचारायची, ‘‘काय फिलूबाय, सांगितलं होतं ना?’’ मावशी म्हणायची, ‘‘सांगितलंस ना. मी ऐकलं पण.’’ ऐकणं आणि मान्य करणं या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

वसईच्या समुद्राकडच्या पट्ट्यात आमची आळी. अर्धी घरं ख्रिस्ती, अर्धी आम्हा वाडवळांची. दोघांच्या घरच्या बोली वेगळ्या, पण वाड्या सारख्याच: केळी, पानवेली, थोडी फुलं, थोडी भाजी. फिलूमावशीची वाडी आमच्या वाडीला लागून होती. नवरा लवकर गेला, एक मुलगी लग्न होऊन गेली, आणि मावशी एकटीने राजेळी केळी लावून त्यांची सुकेळी करून विकायची. पिकलेली केळी सोलून, उन्हात सात-आठ दिवस उलटसुलट करून, वाळलेल्या पानात घट्ट बांधायची. हे काम घाईच्या माणसाचं नव्हे. लाल चौकटीचं लुगडं गुडघ्याशी घेऊन ती मांडवाखाली बसलेली असायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायची. एकदा नव्या फादरांनी तिला विचारलं, प्रवचन कसं झालं. ती म्हणाली, पुढच्या रविवारी सांगते. फादर हसले, पण पुढच्या रविवारी त्यांनी आठवणीने विचारलं आणि तिने खरोखरच दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक चांगली होती.

तिचं एक पालुपद होतं. कोणी तावातावाने काही पटवून दिलं आणि ती निरुत्तर झाली की म्हणायची, ‘‘पटलं रे. पण मला पटलं म्हणून खरं झालं का?’’ अशा बाईशी वाद घालणार कसा? मी अनेकदा चिडलो आहे. आज तिच्याबद्दल लिहायला बसलो तरी माझा गोंधळ होतो. तिने जे केलं ते शहाणपणाचं होतं, हट्टाचं होतं, की नुसती खोड होती, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. ठरवता आलं असतं तर मी आणखी शांत झोपलो असतो.

यात दुसरा माणूस येतो तो मानवेलभाऊ. त्याच्याविषयी वाईट लिहायचं म्हटलं तर माझा हात अडखळतो. आमच्या आळीचा माल पूर्वी दलालाच्या मर्जीवर जायचा. दलालाची गाडी आली तर आली, नाहीतर केळीचे घड कुंपणाशी पडून काळे पडायचे. मानवेलभाऊने घरोघरी फिरून बागायतदार मंडळ उभं केलं. मंडळाचा ट्रक आणला. पहाटे स्वतः माल चढवायला उभा राहायचा आणि कोणाचा घड कोणता हे न विचारता ओळखायचा. आळीत वीज त्याच्या खटपटीने आली. एसटीचा थांबा त्याच्यामुळे झाला. माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा भर मालाच्या दिवशी ट्रक रिकामा करून त्याने त्यांना मुंबईला इस्पितळात नेलं. तिथे तो दोन दिवस बाकड्यावर बसून होता. त्याला जेवायला विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

आणि फिलूमावशी त्याची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिने त्याला हातात धरलं होतं. तो लहानपणी तिच्या मांडवाखाली सुकेळी चोरून मोठा झाला, आणि मोठा झाल्यावर आळीतल्या कोणाही आधी नाताळचा फराळ तिच्याकडे घेऊन जायचा.

मंडळाची सभा ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी भरायची, चर्चपलीकडच्या मोठ्या बावखलाच्या काठावर, झाडाखाली. बावखल म्हणजे आमच्याकडचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. पहिल्याच सभेत अध्यक्ष निवडायचा प्रश्न आला. सभासद साठ-पासष्ट, त्यात निम्म्यांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठ्या कशा लिहायच्या यावर बराच वेळ घोळ चालला. मग फिलूमावशी घरी गेली आणि एक तोंडाला अरुंद मडकं, वालाची एक पुरचुंडी आणि चिंचोक्यांची एक पुरचुंडी घेऊन आली. प्रत्येकाला एक वाल आणि एक चिंचोका. वाल म्हणजे हो, चिंचोका म्हणजे नाही. मूठ मडक्यात घालायची, हवा तो दाणा सोडायचा, आणि उरलेला दाणा तसाच मुठीत धरून बावखलात भिरकावून द्यायचा, की कोणाच्या हातात काय उरलं ते कोणाला दिसू नये.

ही पद्धत आम्हाला इतकी आवडली की पुढे वाचता येणारेही चिठ्ठीचं नाव काढेनात. मडकं वर्षभर मावशीकडे असायचं. सभेच्या दिवशी ती ते राखेने घासून, उपडं करून, आत काही नाही हे सगळ्यांना दाखवायची. दाणे ती स्वतः वाटायची. एक-एक मोजून, मोठ्याने, समोरच्याच्या तळहातावर. शेवटी स्वतःचे दोन दाणे घ्यायची आणि दोन्ही हात उघडे करून सभेला दाखवायची, की माझ्याकडेही दोनच आहेत बरं. एका वर्षी कोणी तरी गमतीने म्हणालं, मावशी, तुमच्यावर कोण संशय घेणार? ती त्या माणसावर अशी उखडली की तो सभा संपेपर्यंत मान खाली घालून बसला. मडक्याच्या बाबतीत तिला थट्टा चालत नसे.

दरवर्षी प्रश्न एकच: मानवेलभाऊ अध्यक्ष राहू दे का? आणि दरवर्षी मडकं उपडं केलं की वालांच्या ढिगात एक चिंचोका निघायचा. एकच. कधी शून्य नाही, कधी दोन नाहीत.

आता आमच्या आळीची अक्कल बघा. या चिंचोक्याचा अर्थ लावायला कोणाला फार वेळ लागला नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांचं ठरून गेलं की तो चिंचोका खुद्द मानवेलभाऊचा आहे. भाऊ इतका निर्मळ की स्वतःच स्वतःला मत देत नाही. ही गोष्ट गिरिज गावापासून निर्मळ गावापर्यंत पसरली. माझ्या वडिलांनी तर ती मला डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. चिंचोका निघाला की टाळ्या पडायच्या आणि भाऊ मान खाली घालून हसायचा. त्याचं ते हसणं मी जवळून पाहिलं आहे. तो स्वतः वाल टाकायचा. त्याने मला फार पुढे, अगदी सहज बोलावं तसं सांगितलं. पण ते बोलून दाखवणार कसं? लोक ज्या गोष्टीसाठी टाळ्या वाजवतात ती आपण केलेली नाही, असं म्हणायला उभं राहिलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, मग ती केली कोणी?

पंचाहत्तर साली आणीबाणी आली. आमच्या आळीत त्याचा त्रास असा काही झाला नाही, उलट मी ज्या कचेरीत कारकून होतो तिथे साहेब वेळेवर येऊ लागले म्हणून आम्ही खूशच होतो. पुढच्या वर्षी ईस्टर झाला, दुसरा रविवार आला, आणि सभेचा निरोप कोणाला आलाच नाही. फिलूमावशी मात्र मडकं घासून, दाणे निवडून, कडेवर घेऊन बावखलाच्या काठावर जाऊन बसली. माझ्या आईने मला पाठवलं, बघ तिला कोणी सांगितलंय का. मी गेलो तेव्हा मानवेलभाऊही तिथे पोचला होता. तो तिला समजावत होता, की देशाची निवडणूकच पुढे ढकलली आहे, मग आपल्या मंडळाचं काय घेऊन बसलीस? उगाच एक दिवस मोडतो, लोक मला नाही म्हणणार आहेत का?

‘‘देशाचं मडकं माझ्याकडे नाही,’’ मावशी म्हणाली. ‘‘हे आहे. म्हणून मी आले.’’

भाऊ हसला, तिच्या शेजारी खाली बसला, आणि दोघं बराच वेळ त्यांच्या घरच्या बोलीत कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत राहिले. भांडण वगैरे काही नाही. दुपारी त्यानेच मडकं उचलून तिच्या घरी नेऊन ठेवलं. आमच्यापैकी कोणालाही सभा झाली नाही याचं काही वाटलं नाही. मलाही नाही. भाऊच राहणार होता, आणि तो राहिला.

सत्त्याहत्तरमध्ये देशात मतदान झालं आणि आमचं मडकंही परत निघालं. मधल्या काळात माझे वडील गेले होते आणि मंडळाचं सभासदत्व माझ्याकडे आलं होतं. माझं पहिलं मत. मावशीने माझ्या तळहातावर वाल आणि चिंचोका ठेवला, मोठ्याने मोजला. रांगेत उभं असताना मी दोन्ही दाणे मुठीत फिरवत होतो. डोक्यात नाना गोष्टी चालल्या होत्या: वडील, इस्पितळातलं बाकडं, मागच्या वर्षी मडकं कडेवर घेऊन बसलेली मावशी. माझी पाळी आली. मी मूठ मडक्यात घातली, एक दाणा सोडला आणि काठाकडे चालू लागलो. भिरकावण्याआधी मूठ जराशी उघडली, तर आत वाल.

मी वाल पाण्यात टाकला आणि जागेवर येऊन बसलो.

मडकं उपडं झालं. दोन चिंचोके.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. एक भाऊचा, मग दुसरा कोणाचा? इतकी वर्षं ज्या चिंचोक्याने भाऊला मोठं केलं त्याला जोडीदार मिळाला तर आळी गडबडून गेली. मानवेलभाऊ उठला. चेहरा उतरला होता, आवाज नेहमीचाच. ज्याला माझ्याबद्दल काही सांगायचं असेल त्याने सरळ माझ्या घरी यावं, माझं दार उघडं आहे, एवढंच तो म्हणाला. मला वाटतं तो मनापासून म्हणाला.

पण आठवडाभर त्या उघड्या दारातून जे गेले ते तक्रार घेऊन गेले नाहीत. ‘भाऊ, तो माझा नव्हे’ हे सांगायला गेले. त्याने कोणाला बोलावलं नव्हतं. आधी दोघं-तिघं गेले. मग जे गेले नाहीत त्यांच्याकडे लोक बघू लागले, म्हणून तेही गेले. ख्रिस्ती माणसं क्रुसावर हात ठेवून आली, आमची माणसं मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आली. दोन भावांनी एकमेकांवर संशय घेऊन बोलणं टाकलं. मीही गेलो. भाऊने मला चहा दिला, वडिलांची आठवण काढली, आणि मी म्हणालो, भाऊ, माझा नव्हे. तो म्हणाला, तुझा असेल असं मला स्वप्नातही वाटणार नाही.

सगळे जाऊन आले. एकटी फिलूमावशी गेली नाही, आणि तिचं कोणाला काही वाटलंही नाही. धर्ममाताच ती, तिने कशाला जावं?

पुढच्या रविवारी मी तिच्या अंगणात केळी उलटायला मदत करत होतो. ती न बघता म्हणाली, ‘‘दुसरा तुझा ना?’’

मी नाही म्हणणार होतो. पण तिच्यासमोर ते जमेना. मी म्हणालो, चुकून झालं. हात थरथरत होता, कळलंच नाही कोणता दाणा सुटला.

‘‘चिंचोका गुळगुळीत असतो,’’ ती म्हणाली. ‘‘वाल तसा नसतो.’’

खरं सांगायचं तर मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. बोटांना कळलं होतं का? मी मुद्दाम केलं असेन तर कशासाठी? ज्या माणसाने माझ्या बापासाठी ट्रक रिकामा केला, त्याला नाही म्हणायचं मला काय कारण? मी विचारलं, मग पहिला कोणाचा? भाऊचा?

‘‘माझा. पहिल्या वर्षापासून.’’

मला हसू आलं, आणि लगेच रागही आला. मी तिला विचारलं की भाऊ तुम्हाला आवडत नाही का. ती म्हणाली, त्याला मी हातात धरून नाव दिलंय, आवडण्याचं काय विचारतोस. मग नाही का म्हणता? तिने हातातलं केळं उलटून ठेवलं, दुसरं उचललं, तेही उलटलं.

‘‘कोणाला तरी एखाद्या वर्षी खरंच नाही म्हणायचं असेल,’’ ती म्हणाली. ‘‘त्याचा दाणा मडक्यात एकटा दिसू नये. एकटा दिसला की माणूस पुढच्या वर्षी टाकत नाही. म्हणून माझा आधीपासून आत असतो.’’

मी म्हणालो, पण माझा तर चुकून पडला.

‘‘असेल. तुझा आहे हे कोणाला सांगू नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘आणि चुकून पडला हेही सांगत फिरू नकोस.’’

पुढच्या वर्षीच्या सभेत मानवेलभाऊने नवी सूचना आणली. तो छान बोलायचा. म्हणाला, मडकं आणलं तेव्हा आपण अडाणी होतो, दलालाला घाबरत होतो, लपूनछपून बोलत होतो. आता आपण कोणाला घाबरतो? एका मडक्यापायी मागच्या वर्षी भाऊ भावाशी बोलेनासा झाला. आपल्यात लपवण्यासारखं आहे काय? यापुढे सरळ हात वर करू. हे बोलणं ऐकताना मला ते पटत गेलं, हे कबूल केलं पाहिजे. त्या दोन भावांचं भांडण मी रोज बघत होतो आणि ते माझ्यामुळे झालं होतं. मडकं गेलं तर बरंच, असं मला वाटलं.

मडकं बंद करायचं का, हे ठरवायला त्याने हात वर करायला सांगितलं. झाडाखाली सगळे हात वर गेले. माझाही गेला. मी वर केला असं म्हणवत नाही, पण तो वर होता आणि माझ्याच खांद्याला लागलेला होता. फिलूमावशी माझ्या पुढ्यात, मडकं मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हात मडक्याभोवती. तिने एकदा मागे वळून पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, वर, माझ्या हाताकडे. मग पुढे बघायला लागली.

भाऊने सभेवरून नजर फिरवली आणि हसून म्हणाला, ‘‘मावशीचे दोन्ही हात गुंतलेत. मावशीचं धरून सगळे.’’

‘‘माझं धरू नकोस,’’ मावशी म्हणाली.

ती काही हळू बोलली नव्हती. पण लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि भाऊपर्यंत ते पोचलं नसावं. किंवा पोचलं असेल. मला मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं. मंडळाच्या वहीत ठराव सर्वानुमते मंजूर म्हणून लिहिला गेला.

त्यानंतर हात वर करणं आम्हाला फार सोयीचं गेलं. सभा अर्ध्या तासात आटपू लागली. दरवर्षीची निवडणूक तीन वर्षांवर गेली, मग कोणी विचारेनासं झालं. विरोधात कोण, असं विचारायची पद्धत पडलीच नाही. आणि एका वर्षी ठराव आला की बावखल बुजवून तिथे मंडळाचं गोदाम बांधायचं. पावसात माल ठेवायला जागा नव्हती हे खरंच होतं. मावशी उभी राहिली. तिने एवढंच सांगितलं की माझी विहीर या बावखलाच्या जोरावर गोड आहे, ते गेलं तर विहीर जाईल. भाऊ म्हणाला, मावशी, तुला मी दारात नळ देतो. लोक मायेने हसले. कोणीही तिला खाली बस म्हटलं नाही. हात वर झाले आणि ती एकटी हात खाली ठेवून उभी राहिली. या वेळी माझा हात अर्धाच वर गेला, पण अर्धा हात कोणी वेगळा मोजत नाही.

मातीच्या गाड्या आल्या. ज्या पाण्यात आम्ही आपापले उरलेले दाणे टाकत होतो ते पाणी महिन्याभरात दिसेनासं झालं. गोदाम उत्तम झालं, मी नाही म्हणणार नाही. पुढच्या पावसात एक घड कुजला नाही. आणि मानवेलभाऊने शब्द पाळला. मावशीच्या दारात आळीतला पहिला नळ आला. तो गळायला लागला तर पाना घेऊन भाऊ स्वतः यायचा.

तीनेक उन्हाळे गेले. कळंबहून मासे विकायला येणारी एक बाई रोज टोपली उतरवून मावशीच्या विहिरीचं पाणी प्यायची. एक दिवस तिने घोट घेतला आणि तोंडातून थुंकून टाकला.

‘‘बाय, तुझं पानी खारं झालं गं,’’ ती म्हणाली.

मावशीने पाणी चाखलं. नेहमीप्रमाणे ती लगेच काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी परत चाखलं, आठवड्याने परत. मग राजेळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या तेव्हा तिला चाखायची गरज उरली नाही. नळाचं पाणी तासभर यायचं, ते माणसाला पुरतं, केळीला पुरत नाही. आमची विहीर थोडी लांब होती, ती आणखी चार वर्षं टिकली. मावशीने भाऊला यावरून कधी सुनावलं नाही. निदान माझ्यासमोर नाही. मला तिचा राग यायचा. तिने बोलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मग आठवायचं की ती बोलली होती, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी तिच्या मागेच बसलो होतो.

सुकेळी बंद झाली. मांडव मोडला. अखेर मुलीने तिला आचोळ्याला आपल्या बिल्डिंगमध्ये न्यायचं ठरवलं. ते वर्ष पंच्याऐंशी असेल. सामान न्यायला मानवेलभाऊने मंडळाचा ट्रक दिला आणि स्वतः आला. तोही आता साठीकडे झुकला होता. पेटी, पाटा, दोन खुर्च्या, देव्हाऱ्यातला क्रूस आम्ही चढवला. मावशी ड्रायव्हरशेजारी बसली, मडकं मांडीवर. सगळं सामान मागे होतं, फक्त ते मडकं तिने कोणाच्या हातात दिलं नाही.

मी मागच्या फळीला दोरी बांधत होतो. भाऊ तिच्या खिडकीशी गेला, तिचा हात धरला. मग त्याने त्यांच्या घरच्या बोलीत विचारलं. ती बोली मला ऐकून ऐकून येते. तो विचारत होता की मावशी, आता तू चाललीस, मला एक सांग. सगळे हो म्हणतात, इतकी वर्षं म्हणतात, आणि मी घरी जाऊन त्या दोन चिंचोक्यांचा विचार करतो. कोण होते ते दोघं? मी त्यांना काही करणार नाही. मला फक्त जाऊन विचारायचंय, माझं काय चुकलं.

तो खरंच विचारत होता. त्याचा आवाज ऐकला असता तर तुम्हीही म्हणाला असता. मला वाटतं त्या एका क्षणी त्याला कोणी उत्तर दिलं असतं तर त्याने ते ऐकलं असतं.

मावशीने खिडकीतून मागे पाहिलं. मी फळीशी उभा होतो, दोघांत पाच-सहा हातांचं अंतर. ती थांबली. घाईत नव्हतीच ती कधी, पण हे थांबणं माझ्यासाठी होतं, एवढं मला कळलं. मी दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

‘‘दोन्ही माझेच,’’ मावशी म्हणाली.

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. ‘‘दोन्ही? म्हणजे तू मडक्यात लबाडी केलीस?’’

‘‘केली.’’

जी बाई दोन्ही हात उघडे करून सभेला दाखवायची, थट्टेने काढलेला एक शब्द जिला सहन झाला नव्हता, ती हे म्हणाली. आणि मडकं सावरून पुढे बघू लागली. ट्रक सुरू झाला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पुढे चारच महिन्यांनी ती आचोळ्यालाच वारली, मातीला मी गेलो होतो, पण तिचं शेवटचं दर्शन म्हणून मला आठवतं ते खिडकीतलं लाल लुगडं आणि मडक्याची कड. तिने मला सांभाळून घेतलं, की माझा नाद सोडला? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. जे पटतं ते खरं असेलच असं नाही, हे तिनेच शिकवलंय.

धूळ खाली बसली. भाऊ रडत होता आणि हसतही होता. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखा तो माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘बघ विनू,’’ तो म्हणाला, ‘‘म्हणजे गावात दुसरं कोणी नव्हतंच. मावशीच ती, तिची खोडच. बाकी सगळे माझ्याबरोबर होते. होते ना?’’

मी हो म्हणालो.